डोळ्याची वाटी

पीरसाहेबाच्या उरुसात दुपार कलली की कलगी-तुऱ्याचा फड लागायचा. तुऱ्याकडून पंडित, कलगीकडून जमील. आधी त्यांचे बाप असेच समोरासमोर उभे राहिलेले. सवाल गावानं घालायचा, पण कोणती बाजू कुणी गायची हे नारळानं ठरवायचं. दर्ग्याच्या पायरीवर नारळ फुटला की गावातले जाणते विठ्ठलराव दोन्ही वाट्या उपरण्याखाली झाकायचे. शाहिरांनी न बघता हात घालायचा, आलेली वाटी फडक्यात गुंडाळून आपापल्या कनातीत न्यायची. ज्याला डोळ्याची वाटी आली त्यानं ‘भलं’ गायचं, बिनडोळ्याची आली त्यानं ‘बुरं’. कुणाला काय आलं ते गावाला पहिल्या कडव्यालाच कळायचं. आपल्या मनात काय आहे ते कुणी विचारायचं नाही आणि कुणी सांगायचंही नाही.

यंदा टीव्हीवर रोज कुठल्या ना कुठल्या मुलखात कुणाची तरी फौज शिरलेली दिसायची. मोडलेली घरं, डोक्यावर गाठोडी, रणगाड्याशेजारी उभी राहून चॉकलेट खाणारी पोरं. विठ्ठलराव म्हणाले, “यंदा सवाल हाच. परकी फौज मुलखात येऊन बसली, तर मुलखाचं भलं का बुरं?”

जमीलची बायको हजराबी कनातीत त्याच्यासाठी ज्येष्ठमधाचं पाणी कोमट करत होती, तेवढ्यात पंडित कनात सारून आत आला. फेटा बांधलेला, पण तोंड उतरलेलं.

“जमील, डोळ्याची मला आली.”

“मग गा की. का रडतोस बे?”

“अंगद सीमेवर उभा हाय. बर्फात. त्याच्या बापानं हितं डफ वाजवून म्हणायचं, परकी फौज येऊ द्या? वनमाला मला घरात घ्यायची न्हाई.”

जमील हसला. हसताना त्याचे डोळे पार मिटायचे. “आण इकडं. माझा शहेबाज कुठं फौजेत हाय? विहिरीवरच्या जळक्या मोटारी भरतो. मोटारीला काय, पाणी वर आलं म्हंजी झालं.”

“वाट्या बदलू नये,” हजराबी म्हणाली. “पीरासमोर निघाल्यात.”

“अगं, खोबरं एकच हाय,” म्हणत जमीलनं डोळ्याची वाटी उचलली आणि आपली पंडितच्या हातात दिली. पंडितनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात थोडा जास्तच वेळ राहिला.

मग फड रंगला. सुगी नुकतीच उरकलेली, माणसं मोकळी होती. बायका दर्ग्याच्या भिंतीकडेला, पुरुष लिंबाखाली, पोरं ट्रॉलीवर. जमीलनं डफावर थाप मारली आणि आवाज वर फेकला:

*घर पेटलं आतून राजा, भावानं आवळला भावाचा गळा,*
*शेजारी आला घागर घेऊन, त्याचा का रे तुला कंटाळा?*
*उघड दार तू, उघड मुलखा, येऊ दे परकी फौज,*
*आपल्याच हातचा मार खाऊन सरली न्हाई का हौस?*

झांज थांबायच्या आत पंडित पुढं आला:

*घागर घेऊन आला पाहुणा, विझवून बसला ओसरीला,*
*सकाळी म्हणतो आड माझा, पाणी मोजून देतो तुला.*
*पूल बांधला, खरं हाय बाबा, सडक केली काळीभोर,*
*त्याच सडकेनं धान्य गेलं, मागं उरलं रडतं पोर.*

लोक डोलले. जमीलनं फेट्याचा शेव झटकला:

*परक्या चोराचं नाव घेऊन ओरडतोस तू, शाबास गड्या,*
*घरच्या चोरानं पोतं नेलं तवा हाताच्या घातल्यास घड्या!*

ट्रॉलीवरून शिट्ट्या पडल्या. हजराबीशेजारची म्हातारी म्हणाली, “तुझा नवरा वंगाळ बोलतोय गं, पण बोलतोय झकास.” हजराबीनं तोंडाला पदर लावला. खरं तर पंडितच्या तोंडचं ते रडतं पोर तिच्या मनात रुतलं होतं. ज्याच्या ओसरीवर फौज बसते त्यालाच कळत असणार, तिला वाटलं. पण ओसरीच पेटली असेल तर? दोन्ही खरं वाटत होतं. जमील म्हणायचा, चांगल्या फडाची खूणच ती. ऐकणाराला रात्री झोप लागू नये.

दिवस मावळताना जमीलनं पंडितच्या फेट्याला कलगी खोवली, पंडितनं जमीलच्या फेट्याला तुरा. दोघांनी खोबरं गावाला वाटलं.

उरुसाचे पाळणे अजून उतरत होते, तेव्हाच तो व्हिडिओ आला. कुणी काढला, कुणी कापला, कळलं नाही. त्यात पेटलेलं घर नव्हतं, घागर घेऊन आलेला शेजारी नव्हता, पंडितही नव्हता. फक्त जमील होता, दाढी, डफ, आणि ‘उघड दार तू, उघड मुलखा, येऊ दे परकी फौज’. तीच ओळ तीनदा. वर तांबड्या अक्षरात काय लिहिलं होतं ते शहेबाजनं आईला वाचून दाखवलं नाही.

नेकनूरहून फोन आले, वडवणीहून आले, कधी न ऐकलेल्या गावांहून आले. स्टँडजवळच्या जमीलच्या दुकानात सुगीनंतर मोटारी भरायला रांग लागायची. आता लोक येत होते ते मोटारी परत न्यायला. अर्धवट भरलेल्या मोटारीसुद्धा, तारा लोंबत असताना, लोक मोटारसायकलवर घालून नेत होते. नेणारा एवढंच म्हणायचा, “तुमचं काय न्हाई जमीलभाई, भाईरचं वातावरण.” ठाण्यात बोलावून त्याला दिवसभर बाकावर बसवून ठेवलं. पंपावर पेट्रोल भरताना शहेबाजला दोघांनी मारलं. ओठ फाटला.

“पण बाजू तर नारळानं दिली,” हजराबी एकाला म्हणाली.

“नारळ कुणी बघितला, भाबी? लोक म्हणत्यात, त्यानं मागून घेतली बाजू.”

तानाजी गावातला उगवता पुढारी. त्यानं निरोप धाडला, रविवारी मारुतीच्या सभामंडपात सभा आहे. जमीलनं सगळ्यांसमोर माफी मागायची, न्हाई तर दुकानाची चावी गावाकडं द्यायची.

“तू सांग ना, वाटी पंडितची होती,” हजराबी नवऱ्याला म्हणाली.

जमील स्क्रू पिळायचा पेचकस पुसत होता. “कनातीतलं भाईर सांगायचं नसतं. त्यानं सांगितलं तर त्यानं सांगावं.”

“आणि त्यानं न्हाई सांगितलं तर?”

तो पेचकस पुसत राहिला.

म्हणून ती गेली. पंडितच्या अंगणात वनमाला तुरी पाखडत बसली होती.

“या भाबी. बसा की.”

“बसाया न्हाई आले वैनी. पंडितभाऊ?”

“रानात गेलेत.”

दाराशी त्याच्या वहाणा होत्या. दोघींनीही त्या बघितल्या. वनमालानं सूप खाली ठेवलं.

“अंगदचा फोन आलता,” ती हळू म्हणाली. “त्याच्या पलटणीत सगळ्यांच्या मोबाईलवर आलाय तो व्हिडिओ. म्हणला, आई, बापाला गप बसव. बाजू आमची होती कळलं तर हितं मला काय काय इचारतील. भाबी, माझं पोरगं तिथं एकटं हाय ओ.”

“ठाऊक हाय मला. त्याचं नाव काढलं म्हणूनच माझ्या माणसानं वाटी बदलली. तुमचं पोरगं सीमेवर हाय वैनी, देव त्याला राखो. पण माझा माणूस आता कोणत्या सीमेवर उभा हाय ते तरी बघा. तिथं त्याच्या मागं कुणीच न्हाई.”

वनमालाच्या डोळ्यांतून पाणी सुपात पडलं.

आतून पंडितचा आवाज आला. रोजचा पहाडी नव्हता. “भाबी, जावा तुमी. मी येतो सभेला. बोलतो.”

रविवारी मंडप भरला. गावापेक्षा बाहेरचीच पोरं जास्त. मोटारसायकली पार रस्त्यापर्यंत. विठ्ठलराव खुर्चीवर, काठीवर हनुवटी टेकून. जमीलला मध्ये उभं केलं होतं. हजराबी खांबाला टेकून उभी राहिली. बायकांत ती एकटीच होती.

“जमीलभाईला आपण वळखतो,” तानाजीनं सुरुवात केली. “आपल्याच गावचे. पण देशाचा प्रश्न आला की—”

“थांब तानाजी,” पंडित उठला. “डोळ्याची वाटी मला आलती. ‘भलं’ मला गायचं होतं. अंगदपायी माझी जीभ उचलंना, म्हणून मीच म्हणलो, जमील, तू घे. त्याच्या हाती ‘बुरं’ आलतं. त्याची काही चूक न्हाई.”

हजराबीला वाटलं, झालं. सुटलो.

मग मागून कुणी म्हणालं, “लई मोठ्या मनाचा माणूस.”

“दोस्तासाठी आळ अंगावर घेतला बघा.”

“फौजीचा बाप हाय तो. असाच असणार.”

“आरं, खरं सांगतोय!” पंडित ओरडला. “आळ नव्हं! विठ्ठलराव, तुमी सांगा.”

विठ्ठलराव चाचरले. “वाट्या झाकलेल्या होत्या, पंडित. मी कसं सांगू? रीतच तशी हाय.”

पंडितनं इकडंतिकडं बघितलं. मारुतीच्या पुढ्यात भजनकऱ्यांचा डफ टांगलेला होता, तो त्यानं ओढून काढला. “मग ऐका. माझ्या वाटणीचं कवन हाय हे. माझ्या तोंडून ऐका आणि मला करा काय करायचं ते.”

आणि तो गायला. घर पेटलं आतून राजा. तीच चाल, तेच शब्द. त्याचा आवाज जमीलपेक्षा खडा. मंडपाच्या पत्र्यावर तो दणाणला. पहिल्या ओळीला लोक बावरले. दुसरीला एकानं मान डोलवली. ‘उघड दार तू, उघड मुलखा’ म्हणताना पंडितनं दोन्ही हात पसरून, छाती पुढं काढून, एकेकाच्या तोंडावर ओळ फेकली. रागानं फेकली. ‘सरली न्हाई का हौस’ला शिट्टी पडली. मग टाळ्या. मागची पोरं हसत होती, एकमेकांना ढकलत होती. “वन्समोर!” कुणीतरी ओरडलं. पुढच्या पोरानं मोबाईल वर धरला होता, तो त्यानं खाली घेतला. “ह्यात काय न्हाई,” तो शेजाऱ्याला म्हणाला.

पंडित डफ हातात धरून उभा राहिला. त्याचं तोंड राखेसारखं झालं. त्यानं जमीलकडं बघितलं. जमील खाली फरशीकडं बघत होता.

“वा पंडितराव!” तानाजी हसत उठला. “वातावरण हलकं केलंत. ह्याला म्हणत्यात कलाकार, मनात काय मळ न्हाई. चला, जमीलभाई, तुमीबी दोन शब्द बोलून टाका. म्हंजी इषय संपला. आमालाबी घरी जायचंय.”

“काय बोलू?” जमीलनं विचारलं.

“सोपं हाय. परकी फौज मुलखाचं वाटोळं करती. आणि माझी चूक झाली.”

मोबाईल पुन्हा वर गेले.

जमील बोलला. एक पोरगं म्हणालं, आवाज आला न्हाई. तो पुन्हा बोलला. हात जोडा, कुणीतरी म्हणालं. त्यानं हात जोडले आणि परत बोलला. परकी फौज मुलखाचं वाटोळं करती. हजराबी खांबाला घट्ट धरून ऐकत होती. हेच तर गायचं होतं त्याला. पीरासमोर हीच बाजू त्याच्या हाती आली होती. फेटा बांधून, शेव झटकत, साऱ्या गावाला रडवत त्यानं ती गायली असती.

या खेपेला टाळ्या वाजल्या नाहीत. लोक चपला शोधू लागले.

पंडित अजून उभाच होता. जाणारा एकेक जण त्याच्या पाठीवर थाप मारून जात होता.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. दुपारपर्यंत एक मोटार आली, मग आणखी एक. आणणारे नेहमीसारखे बोलत होते, तुरीचा भाव, विहिरीचं पाणी. शहेबाज गिऱ्हाइकांकडं पाठ करून जळक्या तारा उपसत बसला होता. ओठाची खपली अजून ओली होती. हजराबी डबा घेऊन आली तेव्हा पंडित दुकानाच्या पायरीशी उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. आत ये असं त्याला कधी म्हणावं लागलं नव्हतं.

“जमील.”

जमील हाताच्या यंत्रावर तांब्याची तार गुंडाळत होता. दांडा गरगर फिरत होता.

“मला वाटलं नव्हतं बे असं हुईल. शपथ. मला वाटलं, मलाबी हाणतील.”

दांडा फिरत राहिला.

“एक डाव तरी शिवी दे,” पंडित म्हणाला. “पुढल्या उरुसाला—”

“पुढल्या उरुसाला सवालबी तुमीच घाला, पंडितराव,” जमील म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. हजराबीला तो असता तर बरं वाटलं असतं. “जवाबबी तुमीच द्या. तुमच्या तोंडी समदं शोभतं.”

पंडितनं तोंड उघडलं.

“बोलू नका,” जमील म्हणाला. “तारेचे आटे मोजतोय. चुकतील.”

हजराबीनं डबा फळीवर ठेवला आणि पंडितला पाणी दिलं. तो उभ्यानंच प्यायला.