ग्लेनमोरा आणि दुसरी पंगत

जेवणाआधी बोललात तर लोक भुकेले, जेवणानंतर बोललात तर झोपलेले, असा पेच लंडनच्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरी आसावरीने सबनिसांपुढे टाकला. तोडही तिनेच काढली. मंडळाच्या ईलिंगमधल्या हॉलमध्ये टेबलं निम्मीच. म्हणजे पंगती दोन होणारच. पहिली पंगत जेवत असताना दुसऱ्या पंगतीच्या लोकांनी शेजारच्या खोलीत सबनिसांचं एका जुन्या बोटीवरचं भाषण ऐकायचं.

"म्हणजे माझे श्रोते उपाशी," सबनीस म्हणाले.

"जागे तरी असतील, काका."

पुरुषोत्तम सबनिसांची तीस वर्षं कौन्सिलच्या पार्किंग खात्यात गेली होती. दंड लावणाऱ्या माणसाचं कुणी शेवटपर्यंत ऐकून घेत नाही, हे त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. रिटायर झाल्यावर त्यांनी ग्लेनमोरा धरली. १९०९ साली पाण्यात उतरलेली, लंडन-मुंबई करणारी आगबोट. नात्यातलं कुणी तिच्यातून आलं-गेलेलं नव्हतं; ते स्वतः विमानाने आले होते. तरी तिच्या एक्क्याण्णव खेपा त्यांना तारखांसकट तोंडपाठ. स्वतःच्या लग्नाची तारीख मात्र बायकोने, सुप्रभाबाईंनी, आठवण करून दिली तरच आठवे.

ऐकायला चौतीस जण बसले. दाराखालून मसालेभाताचा वास येत होता. युद्धात ग्लेनमोराचं इस्पितळ झालं, तिला पांढरा रंग लागला, तोवर सहा जण हळूच सटकले होते. तेवढ्यात आसावरीने दारातून दुसऱ्या पंगतीला हाक दिली. सबनिसांनी मुकाट्याने कागदांची घडी घातली.

पण कुणी उठेना.

"थांब गं," पुढच्या खुर्चीतल्या लीलावतीबाई म्हणाल्या. वय शहाऐंशी, त्यात मधुमेह. जेवायला पाच मिनिटं उशीर झाला तर सुनेची धडगत नसे. "बोट अजून समुद्रात आहे. हं, पुढे?"

उशीर का होतोय ते बघायला पहिली पंगतही श्रीखंडाच्या वाट्या घेऊन आली आणि भिंतीला टेकून ऐकत राहिली. मग सबनिसांनी घाई केली नाही. १९३१ साली तिला मोडीत काढलं, पत्रे कापून विकले, इथवर वाचून त्यांनी चष्मा काढला. टाळ्या न पडण्याचीही त्यांनी तयारी ठेवली होती.

लीलावतीबाई काठी टेकत उभ्या राहिल्या.

"उठा सगळे. एक मिनिट."

मंडळातलं कुणी गेलं की उठतात, तसे सगळे उठले. आधी हसू दाबत, मग न हसता. वाढायचं सोडून आलेल्या सुप्रभाबाई हातातल्या डावासकट नवऱ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या.

मिनिट केव्हाच होऊन गेलं. पलीकडे भात निवत होता, आणि 'बसा' म्हणायला कुणी धजेना.