गळ्याखालची दाढी

मी दारव्ह्याच्या बबनरावांच्या सलूनमधली खुर्ची बोलतेय. माझ्यात बसलेला माणूस डोळे मिटतो, मान मागं टाकतो आणि उघडा गळा दुसऱ्याच्या वस्तऱ्यापुढं ठेवतो. एवढा विश्वास माणूस सहसा कुणावर टाकत नाही. माझ्याकडून एकदा त्या विश्वासाला दगा झाला, तेच सांगते.

यवतमाळच्या एका कारागिरानं मला घडवलं. पाठ मागं झुकवायला खाली लोखंडी खिट्टी बसवली. पंधरा वर्षांत तिचा दात झिजला. कधीकधी पाठ आपोआप एक घर खाली घसरायची. गिऱ्हाईक दचकायचं, मग स्वतःच हसायचं.

जलालभाई दर शुक्रवारी नमाजाआधी दाढी कोरायला यायचे. ते कापसाच्या जिनिंग कारखान्यात फिटर होते. "तुमची खिट्टी मीच बसवून देतो," असं त्यांनी बबनरावांना कितीदा सांगितलं, पण पाना कधी आणला नाही. ते कापसाचे वाईट दिवस होते. निम्म्या जिनिंगांना कुलूप लागलेलं, त्यांची वर्षातून कशीबशी दोन महिने चालायची. मला वाटायचं, माणूस काळजीत आहे, विसरत असेल.

पण माझ्या हातावरची त्यांची पकड सैल होत चालली होती. मानेवरचे केस कापताना हनुवटी छातीला लावली की त्यांच्या पाठीतून करंट गेल्यासारखं अंग उडायचं.

एका गुरुवारी त्यांची बायको फरीदा सलूनच्या दारात येऊन उभी राहिली.

"बबनभाऊ, तुम्ही तरी त्याह्यले सांगा. मानेच्या मणक्यातली जागा बारीक झाली, आतली नस दबून राह्यली. डॉक्टर म्हणते, ऑपरेशन करा. एखादा झटका बसला तं हातपाय जातीन."

"मंग काहून नाही करत?"

"हात चालत नाही हे मालकाले समजलं तं दुसरा फिटर ठेवीन, म्हणते. सीझन होऊ दे, म्हणते."

दुसऱ्या दिवशी जलालभाई बसले. बबनरावांनी माझी पाठ सरळच ठेवली.

"भाभी आली होती. आज मान मागं नाही घेत."

"तिचं कायले मनावर घेता? गळ्याखालची तशीच ठेवून मशिदीत जाऊ का?"

बबनराव थांबले. टॉवेल उगाच झटकला. मग त्यांनी मला मागं घेतलं. एक घर. दोन घरं. त्यांचा डावा तळवा जलालभाईंच्या मानेखाली होता. वस्तरा एकदा फिरला, दोनदा फिरला. फेस पुसायला त्यांनी तो तळवा काढला.

खट्!

माझी पाठ एकदम खाली गेली. जलालभाईंचं डोकं गादीवरून मागं लटकलं. वस्तरा लागला नाही, रक्ताचा थेंबही नाही. नुसते डोळे उघडले.

"बबनभाऊ... माह्ये हात कुठं हायेत?"

ते माझ्याच हातांवर होते.

"कोणी हलवू नका यायले!" बबनराव ओरडले. गुडघ्यावर बसून त्यांनी ते डोकं दोन्ही हातांत जसंच्या तसं धरून ठेवलं. लोकांनी शेजारच्या दुकानाची फळी काढली, मानेच्या दोन्ही बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या लावल्या आणि जीपनं त्यांना यवतमाळला नेलं. तिथून नागपूरला.

ऑपरेशन झालं, पण उशिरा. पाय परतले. बोटं परतली नाहीत. जलालभाई आता चहाचा कप दोन तळव्यांत दाबून धरतात. पाना नाही धरता येत.

सहा महिन्यांनी ते सलूनमध्ये आले तेव्हा बबनरावांना रडू आवरेना. जलालभाई म्हणाले, "तुमचं काय चुकलं, भाऊ? खिट्टीचंही मले ठाऊक होतं, मानेचंही." फरीदा दारातच उभी होती.

आता माझी पाठ पक्की जोडून टाकलीय, मागं झुकत नाही. बबनराव प्रत्येकाला आधी विचारतात, हातापायात काही फरक वाटतो का? लोक हसतात. परवा वणीकडचे ट्रकवाले अमरसिंग हसता हसता पायाकडं बघू लागले.

"दोन महिने झाले, चप्पल पायातून निघून जाते. ध्यानातच येत नाही."

बबनरावांनी वस्तरा मिटला. "दाढी राहू द्या, दादा. ट्रक इथंच उभा ठेवा. यवतमाळच्या दवाखान्यात दाखवा, एसटी आता लागीन."

अमरसिंग माझ्यातून उठेनात. त्यांचे तळहात माझ्या हातांवर घामेजले होते. मला त्यांच्याशी बोलता आलं असतं तर एवढंच म्हणाले असते, उठा बाबा. मी कुठं जात नाही.