कणगीपल्याडचा सांधा

मी शेणवे गावच्या जगनच्या न्हाणीतला सांधा बोलतोय. दोन लाद्यांमधली ती काळी, चिरलेली रेघ. नमस्कार वगैरे करणार नाही. माझ्यावर रोज पाय देऊन उभी राहणारी माणसं मला आवडत नाहीत.

माझा जन्मच घाईतला. दुसऱ्या दिवशी वास्तुशांत होती. मी ओला असतानाच घरभर पाहुणे माझ्यावर आंघोळी करून सोवळे झाले. पुढे जगन दर आठवड्याला ॲसिड ओतू लागला. लाद्या चकचकीत झाल्या आणि मी चिरलो.

न्हाणीच्या भिंतीपलीकडे भिमीची, म्हणजे जगनच्या आईची, कणगी. तिच्यात घरचं भाताचं बियाणं. म्हातारी रोज भिंतीला हात लावून बघायची.

"जगन, भिंत वली झाली रे. पल्याड माझं बियाणं हाय."

"बघू गो आय, टाइम नाय आता."

शेवटी सासुरवाडीचे येणार म्हटल्यावर त्याला टाइम मिळाला. मला खरवडणं नाही, वाळवणं नाही. ओल्या चिरेवरच पांढरं सिमेंट फासलं. वरून कीर्तन, आतून तमाशा! वर लगेच स्वतःच आंघोळीला बसला. मला इतका राग आला की ते पांढरं सोंग मी थोड्याच दिवसांत टाकून दिलं आणि पाणी सरळ भिंतीत सोडलं.

भाताची रोपं करायचा राब भाजून झाला. पेरणीसाठी जगनची बायको प्रमिला हिने कणगी उघडली, तर वासानेच मागे सरली. खालचं सगळं बियाणं कुजलेलं, वरच्याला मोड आलेले.

भिमी रडली नाही. ओंजळ भरून न्हाणीत आली आणि ते बी माझ्यावर ओतलं.

"पेर आता हितंच," ती लेकाला म्हणाली. "शेतात न्यायला काय ठेवलंस?"

मला जगनची दया आली नाही. म्हातारीची आली.

दुकानातलं बियाणं आणून पेरणी उरकली. भिमी राबाकडे फिरकली नाही. जगनने न्हाणी झाडली, पण एक दाणा माझ्या चिरेत राहिला. आज त्याला हिरवं पातं आलंय. भिमी त्याच्यावर पाय पडू देत नाही.

जगन, ते पातं मातीसकट काढ आणि आईच्या हातात दे. मग पटाशी घे आणि मला तळापर्यंत खरवड. पुन्हा वरून पांढरं फासलंस, तर पलीकडे कणगी आहे आणि इथे मी आहे.