जोनबाईंचं ‘आय सपोज’

मित्रांनो, मी एक जुना कूलर आहे. चार पाय, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, समोर पंखा आणि पोटात पाणी. एप्रिल-मे महिन्यांत बुऱ्हाणपुरात माझ्यावाचून कोणाचं पान हलत नाही आणि जून उजाडला की मला कोणी ओळखत नाही. छत्रीचं याच्या बरोबर उलट असतं, म्हणून मी तक्रार करत नाही.

माझा जन्म उखर्डू पत्रेवाल्याच्या दुकानात झाला. त्याने मला कापलं, ठोकलं, निळा रंग दिला आणि चारुलतेच्या हवाली केलं. लालबागच्या बाजूला तिची शेड आहे. घड उतरल्यावर शेतकरी केळीचं खोड बांधावर टाकून देतो. चारुलता ते आणवून त्याचा धागा काढते आणि चटया विणवून घेते. विणणाऱ्या चौघीजणी. त्यांतली मालूबाई मूळची देडतलाईची, हाताने चपळ आणि तोंडाने त्याहून. मला खिडकीत बसवलं. माझी पाठ उन्हात आणि तोंड शेडमध्ये, त्यामुळे आतल्या गप्पा एकही सुटत नसत.

पहिल्याच उन्हाळ्यात इंग्लंडहून जोनबाई आल्या. तिकडे त्यांचं चटया-टोपल्यांचं छोटं दुकान होतं. चटया पाहायला आलेल्या बाई दिवसभर माझ्यासमोरून उठल्या नाहीत. मला त्या ‘वंडरफुल मशीन’ म्हणाल्या. माझं असं कौतुक पुन्हा कोणी केलं नाही, म्हणून सांगून ठेवतो.

निघताना चारुलतेने विचारलं, पुढच्या वर्षी माल घ्याल का? दुभाषे होते शेजारचे सुधाकर सर. सरांनी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं होतं, पण समोर इंग्रज माणूस पहिल्यांदाच आला होता. जोनबाई म्हणाल्या, “आय शुड थिंक सो.”

सरांनी चष्मा पुसला. बाईंना घेऊ असं नुसतं वाटतंय, तेव्हा काही खरं नाही, असा निकाल त्यांनी दिला. चारुलतेचं तोंड उतरलं. सरांचंही चुकलं नाही. आमच्याकडे माणूस ‘पक्का येतो, जेवायलाच येतो’ म्हणाला तरी त्याच्या नावाचा भात कोणी टाकत नाही. मग नुसतं वाटणाऱ्याचा काय भरवसा?

दिवाळीनंतर ऑर्डर आली, चांगली मोठी. पुढल्या वर्षी जोनबाई फोनवर ‘वी माइट, पॉसिबली’ म्हणाल्या आणि त्याहून मोठी ऑर्डर आली. त्याच्या पुढल्या वर्षी त्या ‘आय वुडन्ट रूल इट आउट’ म्हणाल्या. सर संध्याकाळभर शब्दकोश घेऊन बसले, आणि तोवर ऑर्डर येऊनही गेली.

तेव्हा सरांनी सिद्धांत मांडला की इंग्रज माणूस भविष्याला चिमट्याने धरतो, म्हणून त्याचा संशय जितका मोठा, तितकी ऑर्डर मोठी. शेडमध्ये हे सगळ्यांना पटलं. मालूबाईला कोणी लग्नाचं आमंत्रण दिलं की ती ‘पॉसिबली’ म्हणे आणि पहिल्या पंगतीला हजर असे.

या वर्षी मे महिन्यात जोनबाईंचा व्हिडिओ कॉल आला. केस अगदी पांढरे झाले होते. गुडघ्याचं बोलल्या, तिकडच्या पावसाचं बोलल्या, दुकानाच्या गल्लीत आता गिऱ्हाईक फिरकत नाही म्हणाल्या. शेवटी हलकंसं हसून म्हणाल्या, “वेल, दॅट विल बी दॅट, आय सपोज.”

सर खूश. म्हणाले, झालं मग, असं बाईंना वाटतंय! आणि वाटतंय म्हटल्यावर होणारच. चहा मागवला गेला. ट्रॅक्टरवाल्या गिरधरला केळीच्या खोडांची ट्रॉली आणायचा निरोप गेला.

मालूबाईने चहाला हात लावला नाही. देडतलाईच्या वसतिगृहात स्वयंपाकाची जागा निघाली होती. कायमचं काम, राहायला खोली, आणि लेक तिथेच दिलेली. उत्तर शनिवारपर्यंत द्यायचं होतं. इथलं काम राहणार असेल, तर ती जागा सोडायला ती तयार होती. तिने चारुलतेला तेवढंच विचारलं.

चारुलता म्हणाली, “अहो, होऊन जाईल.”

मालूबाई तिच्याकडे पाहत राहिली. “ताई, हे जोनबाईवालं होऊन जाईल, का आपलंवालं?”

मित्रांनो, आपलंवालं ‘होऊन जाईल’ मला चांगलं ठाऊक आहे. माझा पंप दुरुस्त करणाऱ्याने ते तीन उन्हाळे वापरलं होतं.

चारुलतेने फोन उचलला. सर म्हणाले, इंग्रजांना असं तोंडावर विचारत नाहीत, वाईट दिसतं. तिने मला बंद केलं, कारण माझा आवाज फार, आणि आपल्या इंग्रजीत विचारलं, “जोन मॅडम, नेक्स्ट इयर. यस ऑर नो?”

जोनबाई म्हणाल्या, “नो, डिअर. आय डिड से.” दुकान बंद होत होतं.

सर हळूच खाली बसले. म्हणाले, “‘दॅट विल बी दॅट’ म्हणजे संपलं. त्यांच्यात शेवटचं वाक्य असं अलगद ठेवतात गं. झोपलेलं पोर खाली ठेवावं, तसं. मला ते संशयासारखं वाटलं.”

चारुलता मालूबाईसमोर बसली. “मालूबाई, पुढच्या साली काम नाही. तुम्ही देडतलाईला जा.”

इतक्या वर्षांत त्या शेडमध्ये कोणी कोणाला असं सरळ ‘नाही’ म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. मालूबाईने डोळे पुसले, चटई पुढे ओढली आणि म्हणाली, “एवढी पुरी करते. अर्धी ठेवली तं उसवते.” शनिवारी ती देडतलाईच्या बसमध्ये बसली.

एकदा खरं बोलून पाहिलं की माणसाला त्याची गोडी लागते. चारुलतेने गिरधरची ट्रॉली परत पाठवली. आता मेळ्यांत लहान चटया विकून पाहणार आहे. जमेल का, असं कोणी विचारलं तर ‘माहीत नाही’ म्हणते. मग गेल्या आठवड्यात निलेश मिस्त्री आला. त्याने मला उघडलं आणि म्हणाला, बन जाएगा ताई, थोडा टाइम द्या. चारुलतेने माझ्या बुडाला बोट लावलं. ते आरपार गेलं.

“नाही निलेश,” ती म्हणाली, “हा आता चालणार नाही.”

मला ते लागलं. निदान ‘आय सपोज’ तरी जोडायचं.

पण मित्रांनो, त्याच संध्याकाळी तिने माझी टाकी रिकामी केली, ताट्या काढल्या आणि फडक्याने मला आतून कोरडं पुसलं. गल्लीत माझ्यासारखे अजून चार जुने कूलर आहेत. त्यांच्याबद्दल सगळे ‘पाहू’ म्हणतात, आणि ‘पाहू, पाहू’ करेपर्यंत त्यांच्या पोटात डास होतात. तुमच्या शब्दावर कोणी थांबलेलं असेल तर त्याला सांगून टाका. हवं तर अलगद सांगा, पण सांगा. आणि जमलं तर त्या चौघांचं पाणी तेवढं काढा.