जवरीलालांची वीस मिनिटं

बोदवडला कुणाला वेळ विचारली, तर तो मनगटाकडे पाहून आधी सांगतो, "जवरीलालचं घड्याळ आहे," आणि मग किती वाजले ते सांगतो. पुढची वजाबाकी ऐकणाऱ्याने करायची. वीस मिनिटं वजा.

याला कारण जवरीलालांचा चौविहार. सूर्य मावळला की ते अन्न काय, पाणीसुद्धा घेत नाहीत. पण घड्याळाच्या दुकानात गिऱ्हाईक नेमकं संध्याकाळीच येतं. "पट्टा जरा घट्ट वाटतो, भाऊ," म्हणत बसून राहतं आणि तिकडे सूर्य निघून जातो. ऐन उमेदीत चार-पाचदा उपाशी झोपल्यावर जवरीलालांनी दुकानातलं भिंतीवरचं घड्याळ वीस मिनिटं पुढे करून ठेवलं. जेवण साधलं. पण दुरुस्तीला आलेलं प्रत्येक घड्याळ ते या भिंतीकडे बघूनच लावायचे. तीस वर्षांत निम्मं गाव वीस मिनिटं पुढे गेलं. गावात नवी सून आली, की पहिला महिनाभर ती सगळीकडे लवकर पोचते.

डिसेंबरातल्या एका शनिवारी दुपारी मी माझ्या नातीला, मृणालीला घेऊन त्यांच्या दुकानात गेलो. दुसऱ्या दिवशी जळगावला तिची आठवीची शिष्यवृत्ती परीक्षा होती. पाचवीला ती अशाच परीक्षेत दोन गुणांनी यादीतून सुटली होती, आणि पेपरात तिचे अकरा प्रश्न वेळेअभावी तसेच राहिले होते. त्या दिवशी ती घरी येऊन जेवली नाही. म्हणून या वेळी तिने हट्टच धरला होता, की मनगटावर घड्याळ पाहिजे. तिच्या आईचं, सपनाचं, लग्नातलं घड्याळ कपाटात बंद पडून होतं.

"जय भीम, गुरुजी!" जवरीलाल म्हणाले.

"जय जिनेंद्र. सेल संपलाय बहुतेक."

त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उचकटलं, जुना सेल काढून नवा बसवला. काटा टुक् करून हलला. चावी झिजली होती, ती चिमट्याने ओढून त्यांनी भिंतीकडे पाहिलं आणि काटे लावले.

"काका, बरोबर वेळच लावून द्या ना," मृणाली म्हणाली.

"बेटा, एका दुकानात दोन टाइम नाही चालत."

"असू दे गं," मी म्हणालो. "वीस वजा करायचे. एवढं येत नसेल तर परीक्षेला कशाला बसतेस?"

माझा मोबाईल खिशातच होता. पण सूर्य पूर्वेलाच उगवला ना, हे जसं कुणी उठून तपासत नाही, तसंच मीही काही तपासलं नाही.

रविवारी सकाळी गाडीत मी तिला तीनदा बजावलं. "घड्याळात दिसेल त्यातून वीस वजा. काय?"

"हो, आबा."

"घड्याळात सव्वाअकरा, तर खरे किती?"

"दहा पंचावन्न. आबा, मी आठवीत आहे."

केंद्र एका शाळेत होतं. साडेदहाला घंटा झाली. नव्वद मिनिटं, नव्वद प्रश्न. मी फाटकाशी कडुनिंबाच्या पारावर बसलो. फाटकावर शिपाई म्हणून सुमनबाई होत्या, मूळच्या पारोळ्याकडच्या, बोलणं अस्सल अहिराणी. मी निवृत्त मास्तर, एवढं त्यांना सांगतोय तोच फोन वाजला. जवरीलाल.

"गुरुजी, घोटाळा झाला!"

"काय झालं?"

"माझी नात हर्षिता पुण्याहून आलीय सुट्टीला. तिने मोबाईलवर वाचलं, कोणीतरी आपल्या दुकानाबद्दल लिहिलंय, 'माणूस चांगला, वेळ चुकीची.' काल सकाळी मी मंदिरात गेलो, तर या पोरीने भिंतीवरचं घड्याळ बरोबर करून टाकलं!"

"मग?"

"मग काय! मी नेहमीप्रमाणे दुकान बंद केलं, घरी गेलो, पहिला घास उचलला, आणि बायको, प्रेमकुंवर, खिडकीतून म्हणते, 'ठेवा तो घास. सूर्य गेला.' रातभर पोटात कावळे! आज सकाळी हर्षिता बोलली तेव्हा कळलं. गुरुजी, काल मी जी घड्याळं लावली ती सगळी बरोबर आहेत! लोकांचं फार नुकसान होणार. एकाची भुसावळची गाडी तर गेलीसुद्धा. मला फोनवर काय काय बोलला!"

माझ्या पायाखालचा पार सरकला. पोरगी वीस मिनिटं वजा करत बसणार. बारा वाजता वर्गातल्या बाई पेपर ओढून घेतील, तेव्हा तिच्या लेखी अकरा चाळीसच झालेले असतील. म्हणजे वीस प्रश्न गेले. पाचवीला अकरा गेले होते, आता वीस. आणि या वेळी चूक आजोबाची.

मी फाटकाकडे धावलो.

"सुमनबाई, फक्त एक निरोप द्यायचा आहे. माझ्या नातीला सांगा, घड्याळ बरोबर आहे."

त्यांनी मला खालून वर पाहिलं. "काय व्हयनं आबा? चक्कर ई ऱ्हायनी का?"

"नाही हो! घड्याळ बरोबर आहे, हीच तर अडचण आहे!"

"आबा, घड्याळ बरोबर शे ना? मग बठ्ठं बरोबर शे. बसा. पाणी प्या."

"मला आत सोडा, दोन मिनिटं."

"मोठा साहेब उना तरी मझार जावाले परवानगी नही."

मी शेवटी बसलो. बाईंनी खरंच तांब्याभर पाणी आणून दिलं आणि माझ्याजवळच उभ्या राहिल्या, मी पडलो तर धरायला. साडेअकरा झाले. मी मनात म्हणालो, तिला वाटतंय सव्वाअकरासुद्धा झाले नाहीत. पावणेबारा झाले. ती निवांत पेन्सिलीला टोक करत असेल. बाराला घंटा वाजली, तेव्हा माझा सदरा घामाने भिजला होता. डिसेंबरात!

मृणाली मैत्रिणीशी हसत बाहेर आली.

"किती राहिले?" मी विचारलं.

"काय किती राहिले?"

"प्रश्न गं!"

"एकही नाही. सात मिनिटं उरली, त्यात अवघड गणितं परत तपासली."

"अगं, पण घड्याळ बरोबर होतं!"

"मग चांगलंच की."

"आणि तू वीस वजा…"

"नाही केले. गाडीत तुम्ही सारखे विचारत होतात म्हणून हो म्हटलं. आबा, किती वाजले हे मला कुठे हवं होतं? मला दीड तास हवा होता. घंटा झाली तेव्हा मोठा काटा सहावर होता. तो दीड फेरा मारून बारावर आला की पेपर संपला. घड्याळ पुढे असो की मागे, दीड तासात फेरे तेवढेच होणार ना?"

सुमनबाई बोलल्या.

"आबा, तुम्ही मास्तर व्हतात ना?"

"अडतीस वर्षं."

"कोन्ता इषय शिकाडेत?"

"गणित."

सुमनबाईंनी पदर तोंडाला लावला आणि फाटक बंद करायच्या निमित्ताने पाठ फिरवली. त्यांचे खांदे बराच वेळ हलत होते.

मृणालीला माझी दया आली असावी. ती पारावर माझ्याशेजारी बसली, घड्याळ काढून मधे ठेवलं आणि अगदी सावकाश म्हणाली, "नसेल समजलं तर सांगायचं, आबा, लाजायचं नाही. हे बघा, समजा मोठा काटा इथे दहावर आहे…"

मी चष्मा पुसला आणि नीट पाहू लागलो.