ऑर्व्हिलचं धावणं

"हा माणूस फारच छान धावतो, हीच तर अडचण आहे!" ट्रेंट वैतागून म्हणाला.

पडद्यावर मोटरसायकलवरून पडलेला स्वार टुणकन उठून शर्यतीतल्या धावपटूसारखा आपल्या गाडीकडे पळत होता. त्यासाठी खरोखरच एक धावपटू आणला होता. अंगभर पांढरे गोळे चिकटवून त्याला पळवलं होतं आणि बारा कॅमेऱ्यांनी ते गोळे टिपले होते; त्यांच्या हालचालीवरून पडद्यावरचा स्वार हलत होता.

"लोइस, आपल्या गेमच्या पहिल्या भागात कसा धावायचा तो स्वार! कोपरं बाहेर, गुडघे छातीशी, मागे कुत्रं लागल्यासारखा. ते बघायला खेळणारे मुद्दाम पडायचे. कोण होता तो?"

"माझा नवरा."

"मग आणा की त्यांना!"

"बघते," असं म्हणून लोइसने विषय संपवला.

'डर्टी माईल' ही मोटरसायकली पळवत एकमेकांना बुकलायची व्हिडिओ गेम. १९९० साली सॅन मॅटेओच्या ऑफिसमागच्या पार्किंगमध्ये लोइसने ऑर्व्हिलला पळवून घरच्या कॅमेऱ्यात टिपलं आणि ठिपका ठिपका भरून त्याची अकरा चित्रं केली. दुसऱ्या भागात स्वारांच्या हातात साखळ्या आल्या, तिसऱ्यात डोंगरातले रस्ते आले, चौथा सीडीवर निघाला. चित्रं मोठी होत गेली, धावणं मात्र ऑर्व्हिलचंच राहिलं. आता पाचवा भाग त्रिमितीत होत होता. हाताने काढलेल्या चित्रांचं तिथे काही काम नव्हतं. लोइसबरोबरचे तीन चित्रकार केव्हाच घरी बसले होते.

ऑर्व्हिलला कंपवात होऊन दोन वर्षं झाली होती. ऑफिसात तिने ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

पण ट्रेंटला कुठे धीर होता? त्याने सरळ घरी फोन लावला.

"अगं, तुझ्या साहेबाचा फोन होता," संध्याकाळी ऑर्व्हिल म्हणाला. "गुरुवारी येतो म्हटलं मी."

"त्याला सांगितलंस?"

"काय सांगायचं? त्याने तब्येत कुठे विचारली?"

"ऑर्व्हिल, सगळे बघतील रे."

"तेवीस वर्षं टपाल वाटलं. कुत्री चावायची तेव्हाही लोक खिडकीतून बघतच होते." त्याने उजवा हात मांडीखाली दाबून धरला. "लाज वाटते का तुला माझी?"

"लाज कसली! भीती वाटते."

"मग झालं तर. मलाही वाटते. गाडी तू चालव."

गुरुवारी त्याला तो काळा घट्ट पोशाख घालायला लोइसनेच मदत केली. गोळे चिकटवून झाल्यावर तो म्हणाला, "नाताळचं झाड दिसतोय मी." कुणी हसलं नाही. पडद्यावर त्याच्या उजव्या हाताचे ठिपके थरथरताना सगळ्यांनी पाहिले होते.

ट्रेंटचा चेहरा उतरला. "मला माहीत नव्हतं. खरंच माफ करा. आपण हे राहू देऊ या—"

"आलोय एवढा तर! कुठून पळू, ते सांग."

तो निघाला. चार पावलं नीट पडली. पाचवं उचलेचना. मग अंग एकदम पुढे झुकलं, पावलं घाईघाईने अंगामागे सरपटली आणि तो खाली अंथरलेल्या गादीवर कोसळला. लोइस धावली. त्याने झोपल्याझोपल्याच हात वर केला.

"थांब. कॅमेरे चालू आहेत ना?"

तो कुशीवर वळला. एक गुडघा रोवला. मांडीवर तळवा टेकला. थोडा थांबला. मग दुसरा पाय. उभं राहायला त्याला जवळजवळ मिनिट लागलं.

"हं," धापा टाकत त्याने विचारलं, "माझी मोटरसायकल कुणी पळवली?"

या वेळी सगळे हसले. ट्रेंट तेवढा पाठ फिरवून उभा होता.

दुसऱ्या दिवशी तो लोइसच्या टेबलाशी आला. "धावणं त्या धावपटूचंच घेऊ. तुम्ही ते जरा बिघडवा. पण उठणं... ते मला ऑर्व्हिलचं हवंय."

"त्याचं दुखणं विकायचंय तुला?" लोइस ताडकन म्हणाली.

"नाही हो. चार भाग झाले, आपल्या गेममध्ये इतके लोक पडले. कुणाला लागलंय, असं कधी वाटलंच नाही."

रात्री लोइसने ऑर्व्हिलला विचारलं. "घेऊ देत की," तो म्हणाला. "पण दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नकोस."

खेळणारा मिनिटभर थांबणार नव्हता. ट्रेंटने तीन सेकंद दिले. तीन आठवडे खपून लोइसने त्यात गुडघा बसवला, मांडीवरचा तळवा बसवला. मधलं थांबणं मात्र कापावं लागलं.

नोव्हेंबरात गेम बाजारात आली. 'स्वार उठायला फार वेळ लावतो,' असं एका मासिकाने लिहिलं. बाकी कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

जानेवारीत जुनं सगळं पुसून संगणकावरची जागा मोकळी करायचं निघालं. "त्या गुरुवारचं, ऑर्व्हिलचं अख्खं चित्रण पुसू ना?" तंत्रज्ञाने विचारलं.

"आधी लाव बघू."

काळ्या पडद्यावर एक्केचाळीस पांढरे ठिपके आडवे पडले होते. ते कुशीवर वळले. खालचे काही एका जागी रोवले गेले. मग सगळे थांबले, आणि लोइसही खुर्चीच्या काठाशी तशीच थांबली. हळूहळू ठिपके वर आले, डुगडुगले, सावरले.

"ठेव हे," ती म्हणाली.

पडद्यावर ठिपके उभे होते. छातीवरचे दोन श्वासाबरोबर वरखाली होत होते.