आईने हाकलल्याचं पत्र

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, तिने डब्यातले पीच मागितले आणि दोन फोडी खाऊन वाटी माझ्याकडे सरकवली. मग खिडकीशी बसून खालच्या मजल्यावरच्या मिसेस क्रॅब्ट्रीवर पहारा सुरू झाला. ती बाई कपडे वाळत घालायच्या निमित्ताने आमच्यावर डोळा ठेवते आणि मी कधी येते, कधी जाते, ते कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, कळवते, असं आईचं ठाम मत होतं. मी म्हटलं, तिला तर धड दिसतही नाही.

"म्हणूनच संशय येतो," आई म्हणाली. "दिसत नाही, तर इतका वेळ बघते काय?"

संध्याकाळी मी तिच्या सुजलेल्या पायांना मलम लावलं. माझे हात गार आहेत म्हणून तिने नेहमीसारखी कुरकुर केली. सकाळी ती उठली नाही.

अंत्यविधीनंतर आठवड्याभरात कौन्सिलचं पत्र आलं. फ्लॅट कौन्सिलचा, आणि वडिलांच्या मागे तो आईच्या नावावर झालेला. असा फ्लॅट घरातल्या माणसाकडे एकदाच जातो, दुसऱ्यांदा नाही. मी चार वर्षं तिथे राहून तिचं सगळं केलं होतं, तरी चार आठवड्यांत किल्ल्या द्यायच्या होत्या. पत्राच्या शेवटी दिलगिरी होती. मी ती दोनदा वाचली. छापील होती.

बेघर होणाऱ्यांचे अर्ज कौन्सिलच्या कचेरीत तळमजल्यावर घेतात. तिथल्या खुर्च्या जमिनीला स्क्रूने बसवलेल्या आहेत. मी ज्या खिडकीसमोर बसले तिच्या पलीकडे ऑग्डेन नावाचा अधिकारी होता. पन्नाशीचा, सर्दी झालेला, सभ्य. पत्त्याचा पुरावा म्हणून दिलेलं माझं लायब्ररीचं कार्ड त्याने उजेडात धरून पाहिलं. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या पाहिल्या. मी रात्री कोणत्या खोलीत झोपत होते ते विचारलं, आणि पाच मिनिटांनी तेच पुन्हा वेगळ्या शब्दांत विचारलं. मीही त्याच्यावर नजर ठेवून होते. सभ्य माणूस एवढं हळू लिहीत असेल तर काहीतरी शोधत असतो.

त्याला ते आधीच सापडलेलं होतं. फाइलमधून त्याने एक निळा कागद काढून माझ्याकडे वळवला. आईचं तिरकं अक्षर. 'माझी मुलगी हेस्टर हिला मी यापुढे घरात ठेवू शकत नाही. या महिन्याअखेर तिने निघावं.' तारीख फेब्रुवारीची.

आमच्याकडे हे सर्रास चालतं. घरच्यांनी हाकलल्याचं लेखी असल्याशिवाय कौन्सिल फाइल उघडत नाही, म्हणून आया प्रेमाने बसून मुलांना हाकलल्याची पत्रं लिहितात. आमच्या जिन्यातच अशी तीन पत्रं लिहिली गेली असतील. फेब्रुवारीत डॉक्टरांनी आईच्या हृदयाबद्दल स्पष्ट सांगितलं, तेव्हा मी नियम वाचून काढले आणि तिला मजकूर सांगितला. तिने निमूट लिहिला. फक्त 'कृपया' खोडलं. हाकलताना कुणी कृपया म्हणतं का, म्हणाली.

पण पत्रावर भागलं नाही. खातरजमेसाठी कौन्सिलचा फोन आला. मी स्वयंपाकघरात उभी होते. आई म्हणत होती, "सारखे उसासे टाकते हो. पुस्तकं तर बाथरूमपर्यंत. कपबशी ठेवायला जागा नाही. मला माझ्या घरात शांत बसायचंय." यातलं एकही वाक्य मी सांगितलेलं नव्हतं. मी नळ मोठा सोडला आणि धुतलेली भांडी पुन्हा धुतली. बाहेर आले तेव्हा ती रिसीव्हर ठेवत होती.

"कशी वठवली?" तिने विचारलं.

छान, म्हटलं. दोघी हसलो. चहा केला.

त्या फोनमधून पुढे काही निघालं नाही. भाड्याच्या खोल्यांची एक यादी आली, तीही जुनी. मी राहिले तिथेच. पण पुढचे आठ महिने मी तिला न्याहाळत होते. तिने दार ओढून घेतलं की वाटायचं, मी नको आहे म्हणून. मी उसासा आला तर गिळायचे. पुस्तकं खोक्यात भरून पलंगाखाली सरकवली. तिने एकदा विचारलं, पुस्तकं कुठे गेली सगळी? मी म्हटलं, धूळ होते. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"हे पत्र खरं असेल," ऑग्डेन म्हणाला, "तर तुम्ही फेब्रुवारीतच बाहेर पडलात. मग या गावाशी तुमचा संबंध उरत नाही, तुमची जबाबदारी लेस्टरच्या कौन्सिलची." लेस्टरमध्ये मी पूर्वी नोकरीला होते. आता तिथे मला ओळखणारं कुणी नाही. "आणि खोटं असेल, तर तुम्ही आम्हाला खोटा कागद दिलात. तेही मला लिहावं लागेल."

आई खोटं बोलली असं म्हणायचं, की तिने मला खरंच हाकललं असं?

तो म्हणाला की परवा तो खालच्या बाईंकडे जाऊन आला. मिसेस क्रॅब्ट्री म्हणाल्या, वरून चार वर्षं दोन प्रकारची पावलं ऐकू येत होती. एक घासत जाणारं, एक टाचांवर. आता टाचांवरचंच तेवढं येतं, त्याने झोप लागत नाही.

"म्हणून मी माझं जुनं टिपण काढलं," तो म्हणाला. फेब्रुवारीतला तो फोन त्यानेच केला होता. कागद त्याने माझ्याकडे फिरवला. उसासे, पुस्तकं, कपबशी, सगळं ओळीने उतरवलेलं. मी ते वाचणार नव्हते. पण खाली एक ओळ होती, लाल शाईने अधोरेखित. नळ चालू होता तेव्हाची, मला ऐकू न आलेली.

'फोन ठेवण्याआधी आईने विचारलं: पाठवाल तिथे गरम पाणी असतं ना, तिचे हात फार गार पडतात. संशयास्पद. बाई मुलीला हाकलत आहेत असं वाटत नाही.'

ऑग्डेनने नाक पुसलं. "मला तुमच्या तोंडून हवंय," तो म्हणाला. "पत्र खरं की खोटं?"

"खोटं," मी म्हणाले. "मजकूर माझा, अक्षर तिचं." त्याने लिहायला सुरुवात केली. मला वाटलं होतं मी इथे थांबेन. "ती गेल्यावर माझं काय, हे मी तिच्यासमोर बसून तिच्याकडूनच लिहून घेतलं. तिला वाटलं असेल मला जायचंय. मला कुठेही जायचं नव्हतं. मला तिच्याजवळ राहायचं होतं. हे मी तिला एकदाही म्हटलं नाही."